शेतकीच्या वर्गाला वीस हजर

नारायण पेठेतल्या माझ्या खोलीच्या गॅलरीत एक तुळस होती. रोज पाणी घालून मी ती कुजवली. मग पाणी बंद केले, तेव्हा ती वाळली. शेतकीतला माझा अनुभव एवढाच. तरीही खात्याने शेतकी शिक्षणाचा प्रसार करायला मला चाकणकडे धाडले, याचे आश्चर्य फक्त माझ्या बायकोला वाटले, कारण ती खात्यात नोकरीला नाही.

झाले असे, की माध्यमिक शाळांतून शेतकी विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढवावी, असा वरून हुकूम आला. देश शेतकऱ्यांचा, योजना शेतीची, आणि शेतकीच्या वर्गात मात्र बाके रिकामी. हे का होते ते जागेवर जाऊन पाहायचे होते. थोरल्या साहेबांना संधिवात होता आणि धाकट्या साहेबांच्या घरी मुंज. उरलो मी. माझा विषय भूगोल. "भूगोलात जमीन येतेच की," असे साहेब म्हणाले आणि फिरतीच्या कागदावर सही केली.

बरोबर एक होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि रंगीत तक्त्यांची चार हात लांब गुंडाळी दिली होती. त्या गुंडाळीने मोटारीत दोन माणसांचे फेटे पाडले. त्यांनी मला काय म्हटले ते इथे लिहीत नाही.

सोमवार, पिंपरी

दापोडी ओलांडली की पूर्वी जोंधळा लागायचा, आता कारखाना लागतो. औषधाचा मोठा नवा कारखाना झाला आहे, आणि आणखी येणार म्हणतात. शेतांत पांढऱ्या खुणांचे दगड रोवलेले आहेत. रस्त्याकडेच्या एका हॉटेलात चहा घेतला. मालकाने मला खात्याचा माणूस म्हणून ओळखले आणि तुम्ही जमीन मोजायला आलात का, असे घाबरून विचारले. शेतकी वाढवायला आलोय, असे म्हटल्यावर त्याला हसू आवरेना.

तिथून जवळच्या शाळेत मी पहिले भाषण दिले. शेती हा देशाचा कणा आहे वगैरे सर्व सांगून झाले. शेतकऱ्याच्या घरचे किती, असे विचारल्यावर जवळजवळ सगळे हात वर झाले. शेतकी विषय कोण घेणार, असे विचारल्यावर एकही झाला नाही. मधेच कारखान्याचा भोंगा वाजला तेव्हा मात्र साऱ्या वर्गाने एकदम मान वळवली. माझ्या भाषणाला तेवढे लक्ष एकदाही मिळाले नव्हते.

दाराशी एक शेतकरी खांद्यावर घोंगडे टाकून शेवटपर्यंत ऐकत उभा होता. मला वाटले, एक तरी माणूस पटला. त्याने अदबीने विचारले, शेतकी शिकल्यावर कंपनीत घेतात का. मी म्हटले, छे, शेतकी शिकायची ती शेती करण्यासाठी.

"त्ये तर न शिकताबी करतोय की आमी," तो म्हणाला. "पोरगं शाळंत घातलं त्ये शेत चुकावं म्हणून. आन तुमी हितंबी त्याला शेतातच घालणार. मग आमच्या बांधाला काय झालंय?"

मी तक्ते गुंडाळले आणि चाकणची मोटार किती वाजता आहे ते विचारले.

मंगळवार, चाकण

चाकणला उतरलो ते कांद्याच्या वासात. इथे बाजाराच्या दिवशी कांद्याच्या पिशवीला जो मान आहे तो मामलेदाराला नाही. भुईकोटाच्या ढासळलेल्या तटावर शेळ्या चरत होत्या. पुण्यात आम्ही दोन गड्डे कांदा घेताना भाजीवालीशी भांडतो. इथे तोच कांदा पिशव्यांच्या थप्प्या लावून पडलेला पाहिला आणि आपण कोणाशी भांडत होतो याची जरा शरम वाटली.

संध्याकाळी चावडीवर तक्ते लावले. पहिला तक्ता आदर्श गाईचा. परदेशी गाय ती, लठ्ठ, चकचकीत, पाठ टेबलासारखी सपाट. मंडळी पुढे सरकून तिची पाठ न्याहाळू लागली. मग एका म्हाताऱ्याने विचारले, हिला वशिंड कुठाय. मी म्हटले, या जातीला नसते. त्याने पुन्हा विचारले, मग हिच्या खोंडाच्या मानेवर जू कशाला अडकवायचं. मी पुढचा तक्ता काढला. तो आदर्श गोठ्याचा होता, आणि त्यात पंखा होता. तिसरा मी काढलाच नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने उंटावरून उतरू नये, एवढे मला त्या चावडीवर कळले.

जेवायला मासवडी होती. बेसनाच्या पातळ थापीत तीळखोबऱ्याचे सारण गुंडाळून केलेल्या वड्या, आणि वर काळ्या मसाल्याचा रस्सा. आमच्याकडे आमटीत गूळ नसला तर भांडण होते. इथे गुळाचे नाव काढले तर पाहुणा आजारी आहे असे समजतात. मी सहा वड्या आणि तीन वाट्या रस्सा हाणला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होते आणि यजमानीणबाई प्रेमाने आणखी वाढत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला शेताच्या कडेला जरा लवकर आणि बराच वेळ बसावे लागले, हेही प्रवासवर्णनात यायला हवे.

बुधवार, भामा नदीकाठचे एक गाव

ज्या गावासाठी ही सारी यात्रा, त्याचे नाव मुद्दाम देत नाही. का ते पुढे कळेल. गावात नुकतेच हायस्कूल निघाले होते आणि त्यात शेतकीचा वर्ग होता. नियम असा, की पटावर वीस विद्यार्थी हवेत आणि तपासणीला ते वीसही हजर हवेत. एक जरी कमी भरला तर जूनपासून वर्ग बंद, आणि वर्गाचे मास्तर घरी.

हेडमास्तर कोटातले होते. त्यांनी माझे स्वागत हाराने केले आणि लगेच शेतकीची खोली दाखवली, कारण ती बंद झाली की तिथे त्यांना प्रयोगशाळा करायची होती. खोलीत तीन मुले उभी राहिली. एक शिंप्याचा, एक वाण्याचा आणि एक पोस्टमास्तरांचा. तिघांनी नांगराचे सर्व भाग न चुकता म्हणून दाखवले. तिघांच्याही घरी नांगर नव्हता.

बाकीचे सतरा कुठे आहेत, असे मी शेतकीच्या मास्तरांना विचारले. टेमगिरे मास्तर हा चाळिशीचा, उन्हाने रापलेला, हळू बोलणारा माणूस. ते म्हणाले, "कांद्याची लावण चालू आहे साहेब. शेतावर आहेत."

म्हणजे शेतकऱ्याची मुले शेतकीच्या तासाला गैरहजर, कारण ती शेतावर होती. आणि ज्यांना शेत नव्हते ती शेतकी शिकत होती. मी टिपणवहीत हे लिहिले. लिहिताना पेन थांबले, पण मी लिहिले. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर प्रयोगशाळेचे तेज आले.

मग मास्तरांनी वह्या पुढे ठेवल्या. एकोणीस वह्यांत पाठ्यपुस्तक उतरवलेले होते. विसावी उघडली आणि मी ती बाकावर बसून वाचली. बबन गणपत असे वर नाव होते. पावसाळी कांद्याचे रोप घरच्या कोणत्या वाफ्यात कितव्या दिवशी लावले, किती बोटे अंतर ठेवले, पाणी कधी दिले, करपा कुठे आधी दिसला आणि राख टाकल्यावर काय झाले, असे सारे त्यात होते. एका ठिकाणी लिहिले होते, "पुस्तकात सहा बोटे सांगितले आहे. पुस्तकवाल्याने कांदा लावलेला नसावा." मी इतकी वर्षे वह्या तपासतो आहे. अशी वही पाहिली नव्हती. या मुलाला जिल्ह्याच्या प्रदर्शनात पाठवायचेच, असे मी तिथल्या तिथे जाहीर केले. मास्तरांनी का कोण जाणे, खिडकीबाहेर पाहिले.

सहज म्हणून मी विचारले, मुली घेत नाहीत का शेतकी. शाळेत सात-आठ मुली होत्या. हेडमास्तर म्हणाले, त्यांना त्या तासाला शिवणकाम असते, शेतकी मुलींना झेपणार नाही. खिडकीबाहेर घोट्याएवढ्या चिखलात पंधरा-वीस बायका वाकून कांद्याचे रोप दाबत चालल्या होत्या. मीही मान डोलावली. माझे काही जात नव्हते.

निघताना मास्तर मागे आले आणि उद्या एकदा शेतावर या, तपासणी उद्या धरा, असे म्हणाले. हा माणूस आयुष्यात कोणापुढे फारसा गयावया करीत नसावा. त्याला ते नीट जमतही नव्हते. मी हो म्हटले.

गुरुवार, गणपतरावांचे शेत

सकाळी थंडी मरणाची होती. विहिरीवर मोट चालू होती आणि पाटातून वाफ्यात पाणी येत होते. आमच्याकडे नळ सोडला की पाणी येते आणि ते गार आहे म्हणून आम्ही कुरकुरतो. शेत गणपतरावांचे, म्हणजे त्या वहीवाल्या बबनच्या वडिलांचे होते. पण कामाला सारा गाव होता, कारण इकडे लावण सावडीने चालते. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नाही, हाताला हात. ज्या घराचा हात आज आला, त्या घरी उद्या हात परत जायचा. तो बापाचा असो, सुनेचा असो, हात तो हात.

मास्तरांनी आपला वर्गच सावडीत गुंफला होता. मुलांना शेतावरून ओढून शाळेत आणायच्या ऐवजी शाळाच शेतावर न्यायची. रोज एका विद्यार्थ्याच्या शेतात तास, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून शाळेचा तुकडा लावायचा. मला ही युक्ती फार आवडली. खात्यात कोणालाही सुचली नसती, कारण तिला कागद लागत नव्हता.

मास्तरांनी बांधावर उभे राहून हजेरी घेतली. शिंप्याचा, वाण्याचा आणि पोस्टमास्तरांचा हे तिघेही आज चिखलात होते आणि नांगराचे भाग विसरले होते. नाव पुकारले की चिखलातून "हजर" येई. मी बोटांवर मोजत होतो. बबन गणपत म्हटल्यावर "हजर" आले ते बारीक आवाजात. पाहतो तर पंधरा वर्षांची मुलगी, लुगड्याचा काचा मारलेला, हातात रोपाची जुडी. पुढच्या एका नावालाही मुलगीच उठली. आणि पुढे आणखी एका. वीस नावे झाली, वीस हजर आले, आणि त्यांतल्या सहा मुली होत्या.

मी मास्तरांना बाजूला घेतले. ते म्हणाले, सहा मुले तीन-चार महिन्यांपासून येतच नाहीत. कारखान्याच्या दारात रांगेला उभी राहतात. त्यांच्या घरून बहिणी आल्या.

"सावडीत कोण आला असं कोणी विचारत नाही साहेब. घराचा हात आला की घर हजर. मी हजेरीत तेवढंच केलं."

मी खात्यात किती वर्षे काढली, पण खोट्या हजेरीचे इतके प्रामाणिक कारण ऐकले नव्हते. मी विचारले, ती वही कोणाची. मास्तरांनी त्या बारीक आवाजाच्या मुलीकडे बोट केले. ती बबनची बहीण, तिचे नाव हौसा. सातवी पास झाल्यावर तिला घरी बसवली होती, आणि बबनच्या नावाने ती हा वर्ग करीत होती.

तिला भेटायला म्हणून मी वाफ्यात उतरलो आणि पहिल्याच पावलाला बूट चिखलात राहिला. तो काढताना कोणी हसले नाही, हे अधिकच वाईट. निदान हातभार लावावा म्हणून मी दहा-बारा रोपे लावली. हौसा माझ्या मागून येत होती. तिने काही न बोलता माझी सारी रोपे उपटली आणि पुन्हा लावली. मी तिला विचारले, माझे काय चुकले. खोल गेली, म्हणाली, खोल गेला की कांदा मानेतच जाडा होतो, पोसत नाही. माझ्या तुळशीचेही असेच काही झाले असावे.

मग कंबर सरळ करून तिने विचारले, "सायेब, आज मला कुणाच्या नावानं मांडलं?"

"बबनच्या," मी म्हटले.

"मंग मी कुठं हाय?"

दुपारी बांधावर हुरडा भाजला. गणपतरावांनी राखेतून कणसे काढून चोळून माझ्या हातावर ठेवली आणि स्वतःहून बोलायला लागले. पाहुणे पोरगी बघून गेले होते, होकारही आला होता. मास्तर रोज येऊन दोन वर्षे थांबा म्हणून बसत. गणपतराव माणूस वाईट नव्हे. ते म्हणाले, "माझ्या सबदाला पाव्हणं थांबायचं न्हाईत. पन सरकारी कागदावर पोरीचं नाव लागलं, तर मी सांगीन, सरकारचं शिक्षान चालू हाय. कागदापुढं कोन बोलतंय? न्हाईतर वैशाखात उजवतो."

आता सारे माझ्या पेनावर आले. वर्ग, मास्तरांची नोकरी आणि हौसाची दोन वर्षे. मला एकदम मोठे झाल्यासारखे वाटले. तोंडात कोवळा हुरडा, समोर भामेचे पात्र, आणि आजूबाजूला माझ्याकडे पाहणारी माणसे. मी म्हटले, लावतो नाव. नुसते हौसाचे नाही, सहाही जणींचे. हौसाने हातातली रोपे खाली ठेवली आणि मला वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.

पुणे

चिखलाचे बूट बायकोने गॅलरीत, तुळशीच्या रिकाम्या कुंडीशेजारी ठेवले. मी अहवाल लिहायला बसलो. खात्याच्या नमुन्यात दोन रकाने असतात: पटावर किती, हजर किती. हौसाला कुठे बसवावे हे त्यात नव्हते. मी हेडक्लार्कांना, नाव न घेता, गोष्ट म्हणून सारे सांगितले. ते तीस वर्षे खात्यात मुरलेले. त्यांनी तपकीर ओढून हिशेब मांडला. मुलींना शेतकीची तरतूद नाही, म्हणून सहा नावे बाद. उरले चौदा, म्हणून वर्ग बंद. सहा खोट्या हजेऱ्या, म्हणून मास्तरांची चौकशी. आणि हे सारे डोळ्यांनी पाहून आलेल्या अधिकाऱ्याचे काय करायचे, ते वरचे ठरवतील.

मी लिहिले: "पटावर वीस. तपासणीच्या वेळी वीस हजर. बबन गणपत याची वही प्रदर्शनास योग्य." तीन वाक्ये, आणि एकाही वाक्यावर कोणाला बोट ठेवता येणार नाही. मास्तरांची नोकरी वाचावी म्हणून मी असे केले, असे मी सांगतो. ते निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे म्हणजे मी भ्यालो.

माझा दौरा यशस्वी ठरला. वर्ग चालू राहिला. पट आता सव्वीस झाला आहे, कारण खाते संख्या वाढवा म्हणते आणि गावात आणखी बहिणी आहेत. हेडमास्तरांनी प्रयोगशाळेसाठी वेगळा अर्ज केला आहे. बबनच्या वहीला जिल्ह्यात पहिले बक्षीस मिळाले. ते प्रमाणपत्र घेऊन बबन कारखान्याच्या दारात गेला आणि त्याला आत घेतले. साहेबांच्या बंगल्यापुढच्या हिरवळीला तो पाणी घालतो. शेतकी शिकल्यावर कंपनीत घेतात का, असे पिंपरीला मला ज्याने विचारले होते, त्याला आता मी हो म्हणून सांगू शकतो. खात्याने माझ्या अहवालाच्या प्रती काढून इतर जिल्ह्यांना नमुना म्हणून पाठवल्या आहेत.

आषाढात एक पोस्टकार्ड आले. अक्षर मी लगेच ओळखले. ते असे:

"साहेबांस शि. सा. न. कांदा चैत्रात निघाला. चार बोटांवरचा चांगला पोसला, तीन बोटांवरचा बारीक राहिला. तुम्ही लावलेली रोपे मी पुन्हा लावली होती, तीही पोसली. वैशाखात लग्न झाले. सासर चऱ्होलीचे. इथे जमीन काळी आहे, पाणी कमी द्यावे लागेल असे वाटते, ते लिहून ठेवणार आहे. नवी वही घेतली आहे. बबनचे नाव आता लिहिता येत नाही. लग्नात माझे नाव बदलले, ते मला अजून हाक मारली तरी कळत नाही. तरी वहीवर कोणते नाव घालू ते कळवावे."

कार्ड येऊन तीन आठवडे झाले. खात्याच्या पत्राला मी दुसऱ्या दिवशी उत्तर देतो. हे कार्ड मी रोज काढतो, समोर कोरे कार्ड ठेवतो, वर तिचा पत्ता घालायला घेतो, आणि पहिल्याच ओळीवर थांबतो, कारण तिथेही नाव लिहावे लागते.